कालिंदीनं मंदासाठी मागं काय ठेवलं

मंडळी, आज आख्यानाला हात घालण्याआधी एक प्रश्न विचारतो. उत्तराची घाई नको. प्रश्न असा — आपण गेल्यावर, ज्याच्यावर आपला जीव आहे त्या माणसासाठी मागं काय ठेवायचं?

काय म्हणता? पैसा! बघा, पहिल्या रांगेतून लगेच आलं. जमीन? हां, हे खांबाजवळून आलं. आजी, तुम्ही सांगा... आशीर्वाद? वा! आजी, सगळ्यांत स्वस्तात तुम्हीच सुटलात!

हसा, हसा. पण प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. कारण आज मी राजाराणीचं आख्यान लावणार नाही. ऋषीचं नाही, राक्षसाचं नाही. वाईच्या एका टेलिफोन ऑपरेटर बाईंचं आख्यान आहे. आणि त्यात शेअरबाजार आहे! — गणपुले, पेटीवरचा हात थांबवू नका, दचकू नका. देवळात शेअरबाजार कशाला, असं वाटतंय ना? अहो, हात जोडून बसलेल्या निम्म्या मंडळींच्या डोक्यात तोच चालू असतो. मी फक्त मोठ्यानं बोलतोय!

तर ऐका.

वाईत साबणे नावाचे एक पोस्टातले कारकून होते. त्यांना दोन मुली. मुलींची नावं नद्यांवरून ठेवली — थोरली कालिंदी, धाकटी मंदाकिनी. धाकटीला सगळे मंदा म्हणत. मंदा पाच वर्षांची असताना तिला ताप आला. असला ताप, की बारा दिवस पोर डोळे उघडेना. तेराव्या दिवशी उघडले. आई म्हणाली, "मंदे!" मंदानं बघितलंच नाही. आईनं ताट आपटलं. मंदा छताकडे बघत पडलेली. ताप उतरला होता, पण जाताना कान घेऊन गेला होता.

आणि थोरली? थोरली पुढं लागली नोकरीला — कुठं? साखर कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर! कानाला यंत्र, समोर दिवे, हातात दोऱ्या. "हां, बोर्डवरून बोलते. कोण हवंय? थांबा, देते." बत्तीस वर्षं, मंडळी! बत्तीस वर्षं ही बाई लोकांचं ऐकून लोकांना जोडत राहिली, आणि घरी आली की जिला काहीच ऐकू येत नाही त्या बहिणीसमोर बसून ओठ हलवत राहिली.

कालिंदीताईंनी लग्न केलं नाही. का केलं नाही, हे कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. आईवडील गेले. दोन खोल्यांचं घर, दोघी बहिणी. मंदा साड्यांना फॉल लावायची, पिको करायची. ओठांवरून बोलणं ओळखायची. स्वतः बोलायचीही — जाडसर, आडवातिडवा आवाज, परक्या माणसाला समजायचा नाही. म्हणून मशीनशेजारी पाटी ठेवलेली. बाकी लिहून.

कालिंदीताईंना रोग नव्हता, कर्ज नव्हतं. एक भीती होती. साधी तीन शब्दांची. माझ्यामागं मंदाचं काय?

आहे ना तुमच्यातही कुणाकुणाला ही भीती? नाव वेगळं असेल. मंदाच्या जागी कुणाचा मुलगा असेल, कुणाची आई असेल.

कालिंदीताई निवृत्त झाल्या. फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून सोळा लाख हातात आले. पेन्शन म्हणाल तर महिन्याला दोन हजारांच्या आत, आणि तीही त्यांच्या श्वासाला बांधलेली. त्यांनी काय केलं? तुम्ही-आम्ही करतो तेच. सगळे बँकेत ठेवले. नऊ टक्के व्याज! बाई खूश. पण दोन वर्षांनी त्यांच्या ध्यानात आलं. तेलाचा डबा वाढतोय, गॅस वाढतोय, मंदाच्या चष्म्याची काच वाढतेय... आणि व्याज? व्याज तिथंच उभं! उभं कसलं, पुढं पुढं एकेक पायरी उतरायलाच लागलं. कालिंदीताई साठ वर्षांच्या, मंदा त्रेपन्नची. "हिला अजून तीस वर्षं काढायचीत," त्या मनाशी म्हणाल्या. "आज पुरतंय, तेव्हा पुरेल?"

एकदा बँकेत रांगेला उभ्या असताना मागून आवाज आला, "अहो, जरा पेन देता का?" — आणि कालिंदीताई गर्रकन वळल्या.

"एक्स्टेंशन चौदा!"

माणूस चकित! "कोण? ... बोर्डवरच्या बाई?"

बत्तीस वर्षं एका कारखान्यात. हा माणूस हिशेब खात्यात, ती बोर्डावर, दोन इमारतींत अर्ध्या मैलाचं अंतर. आवाज रोजचा ओळखीचा, तोंड कधी धड बघितलेलं नाही! ते होते तोडकर साहेब. रामलिंग तोडकर. निवृत्त झाले होते, धोतर-टोपी, पायांत रबरी चपला. बँकेबाहेरच्या बाकावर दोघं बसले. बोलता बोलता कालिंदीताईंनी ती तीन शब्दांची भीती सांगून टाकली. आवाजाची ओळख जुनी होती ना!

तोडकर म्हणाले, "बाई, तुम्ही पैसा उसना दिलाय बँकेला. उसन्याला ठरलेलं भाडं मिळतं. ते असावं, सगळं मोडू नका. पण थोडी भागीदारी करा."

"मी? कुणाशी?"

"चांगल्या कंपन्यांशी. शेअर म्हणजे जुगाराचं तिकीट नव्हे हो, धंद्यातला वाटा. धंद्याला नफा झाला, त्यातलं काही कंपनी धंद्यात ठेवते, काही वाटेकऱ्यांना देते. त्याला लाभांश म्हणतात. डिव्हिडंड. धंदा वाढला तर तोही वाढतो. शेअर विकायचा नाही, वाटा खायचा."

"आणि धंदा बुडाला तर?"

"तर वाटाही बुडाला. म्हणून तर एकाच दारात उभं राहायचं नाही!"

ऐकलंत, मंडळी? तोडकर गोड बोलले नाहीत. बुडू शकतं, हे पहिल्याच दिवशी सांगितलं. असा माणूस भेटला तर त्याच्या शेजारी बसावं. आणि बुडूच शकत नाही म्हणणारा भेटला तर? चप्पल शोधावी आणि निघावं!

कालिंदीताईंची शिकवणी सुरू झाली. आठवड्यातून एकदा, तोडकरांच्या ओसरीवर. पहिल्याच धड्याला गंमत. कालिंदीताई वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन धावत आल्या. "तोडकर साहेब! ही कंपनी चारशे टक्के लाभांश देतेय! चारशे टक्के! लाखाचे चार लाख!"

तोडकर इतके हसले की टोपी पडली. "बाई, चारशे टक्के कशावर? शेअरच्या दर्शनी किमतीवर. कागदावर छापलेली किंमत एक रुपया. त्याच्या चारशे टक्के म्हणजे चार रुपये. आणि तो शेअर बाजारात मिळतो आठशे रुपयांना. आठशे घालून चार रुपये! म्हणजे शेकडा किती?"

"अर्धा रुपया..." कालिंदीताईंचा चेहरा उतरला.

अहो, मीही असाच फसलो होतो, सांगायला लाज कशाला! मी तर चारशे टक्के वाचून बायकोला पाटल्या कबूल केल्या होत्या!

मग दुसरी युक्ती कालिंदीताईंनीच काढली. "लाभांश मिळायच्या आदल्या दिवशी शेअर घ्यायचा, वाटा खिशात घालायचा, दुसऱ्या दिवशी विकायचा! कसं?" तोडकर म्हणाले, "जग तुमच्याइतकंच हुशार आहे, बाई. वाटा दिल्याबरोबर शेअरचा भाव साधारण तेवढ्यानं उतरतो. गाय पिळल्यावर कास भरलेलीच कशी राहील?"

हळूहळू कालिंदीताईंना समज आली. सात लाख बँकेत ठेवले — आजारपण, अडीअडचण, आणि निदान दीड-दोन वर्षांचं खाणं. नऊ लाख बाजारात. पण एकदम नाही, हं! दर महिन्याला थोडे थोडे, तीन वर्षं लागली. बारा कंपन्या. साबण करणारी, औषधं करणारी, वीज वाहून नेणारी, रंगाची, बँकेची... सगळी अंडी एका टोपलीत नाहीत. प्रत्येकीचा दहा वर्षांचा इतिहास बघायचा. दरवर्षी लाभांश दिला का? वाढवत नेला का? आणि नफ्यातून दिला, की कर्ज काढून? शंभर रुपये मिळवून चाळीस-पन्नास देणारी बरी. शंभर मिळवून एकशेवीस देणारी? — अशा घरचा पाहुणचार बघून खूश व्हायचं नसतं, मंडळी. ते घर लवकरच दाराला कुलूप लावून गाव सोडतं!

पहिला लाभांश आला तो तीनशे बारा रुपये. मोबाइलवर संदेश. कालिंदीताई स्वयंपाकघरात उभ्या. कणकेचा हात तसाच. डोळ्यांत पाणी! तीनशे बारा रुपयांना रडतं का कुणी? पण त्या रडल्या. कारण आयुष्यात पहिल्यांदा मालकीच्या वाट्याचा पैसा घरात आला होता. "माझ्यानंतरही हा असाच येईल," त्यांना वाटलं. "मंदाकडे येईल." खर्चाला लागत नव्हते तोवर आलेल्या लाभांशातून पुन्हा शेअर घ्यायच्या. वाट्यातून वाटा.

आणि मंदा? मंदाला यातलं काय माहीत होतं?

काही नाही!

कालिंदीताई म्हणायच्या, "तिला कशाला ताप? बिचारीला काय कळणार?" बिचारी! हा शब्द बघा, मंडळी. प्रेमानं उच्चारतो आपण. आणि त्या शब्दाखाली माणूस गाडतो.

आता आख्यानात मोह आला पाहिजे. आला! मोह कसा येतो? शिंगं लावून? नाही हो. मोह येतो पेढे घेऊन, आणि पाया पडतो!

कालिंदीताईंच्या चुलतभावाचा मुलगा प्रफुल्ल. पुण्यात नोकरीला. मुलगा वाईट नव्हता, हे आधीच सांगतो. दिवाळीत आला, पाया पडला. "मोठी आत्या, तुझा लाभांश शेकडा तीनच? वेड लागलंय का! मी ज्या कंपनीत घातलेत ती शेकडा चौदा देते. दोन वर्षं मिळतायत मला. धाकट्या आत्याचं आयुष्य निघेल!"

चौदा! कालिंदीताईंनी रात्रभर... नाही, खोटं कशाला सांगू, रात्रभर नाही. अर्धा तासच विचार केला. मोहाला अर्धा तास पुरतो.

तोडकरांना विचारलं. त्यांनी चष्मा वर केला. "भाव का पडलाय हिचा? लोक विकतायत म्हणून भाव खाली, आणि भाव खाली म्हणून टक्का मोठा दिसतोय. कर्ज बघा किती आहे. नका घेऊ, बाई."

"बरं," कालिंदीताई म्हणाल्या. आणि दुसऱ्या दिवशी बँकेतली तीन लाखांची ठेव मोडून पैसे त्याच कंपनीत घातले! बत्तीस वर्षं बोर्डावर कुणाला एक शब्द खोटा न सांगणारी बाई — त्या आठवड्यात तोडकरांना म्हणाली, "नाही घेतले."

पहिल्या वर्षी बेचाळीस हजार आले! मंदाला नवं शिलाई मशीन आलं, मोटारवालं. दुसऱ्या वर्षी निम्मे आले. तिसऱ्या वर्षी काहीच नाही. कंपनी कर्ज काढून वाटा देत होती, ते कर्ज अंगावर आलं. कालिंदीताई "उद्या वर येईल" म्हणत थांबल्या. शेवटी विकले तेव्हा तीन लाखांचे अडतीस हजार हातात पडले.

प्रफुल्लचे तर सात लाख गेले. त्यानं फोन करणं बंद केलं. तोंड दाखवायची लाज.

आणि कालिंदीताई घरात हसतमुख! "काही नाही गं, दात दुखतोय." मंदा बघत होती. अहो, जी बाई पन्नास वर्षं माणसांची तोंडं वाचून जगली, तिच्यापासून तोंड लपवता येतं का? तुमच्या आवाजाला फसतील लोक. मंदाला आवाज ऐकूच यायचा नाही, फसायला!

एका दुपारी मंदानं मशीन थांबवलं. पाटी घेतली. लिहिलं — "किती गेले?"

कालिंदीताई म्हणाल्या, "कुठं काय गेले?"

मंदानं पाटी तशीच धरून ठेवली.

"मंदा, तुला नाही कळायचं ते."

मंदानं पाटी पुसली. पुन्हा तेच लिहिलं. "किती गेले?"

तेव्हा कालिंदीताई खाली बसल्या आणि सगळं सांगितलं. ओठ थरथरत होते, त्यामुळं मंदाला वाचता येईना. तिनं बहिणीची हनुवटी धरली, आपल्याकडे वळवली, सगळं पुन्हा सांगायला लावलं. शेवटी कालिंदीताई म्हणाल्या, "तुझ्यासाठीच केलं गं! माझ्यामागं तुला—"

मंदानं हात वर केला. पाटीवर लिहिलं नाही. तोंडानं बोलली, त्या जाडसर आवाजात, एकेक शब्द ओढून —

"माझ्यासाठी. मला न विचारता."

थांबतो, मंडळी. हे वाक्य जरा बसू द्या.

आपण किती करतो आपल्या माणसांसाठी! त्यांना न विचारता. त्यांना न सांगता. आणि मग म्हणतो, मी सगळं तुझ्यासाठी केलं!

दुसऱ्या दिवशी कालिंदीताई तोडकरांच्या ओसरीवर गेल्या. बरोबर मंदा. आधी खोटं कबूल केलं. तोडकर इतकंच म्हणाले, "फी जरा जास्त भरलीत. धडा मिळाला ना?" मग मंदाकडे वळले आणि मोठ्यानं ओरडून बोलायला लागले. लोक बहिऱ्या माणसाशी ओरडतात ना, तसं! मंदानं पाटीवर लिहिलं, "ओरडू नका. हळू बोला. आणि मिशी कापा, ओठ दिसत नाहीत." तोडकरांनी पुढच्या आठवड्यात मिशी कापली! शिष्यासाठी मिशी देणारा गुरू मी तरी दुसरा ऐकला नाही!

आता तुम्ही म्हणाल, बुवा आता सांगणार, मंदाला ऐकू येत नव्हतं म्हणून बाजाराच्या अफवा पोचल्या नाहीत आणि ती शहाणी ठरली. छे! एवढं सोपं करू नका. मोबाइल तिच्याकडेही होता, फुकटचे सल्ले तिलाही येत होते. ती शहाणी ठरली कारण तिनं अभ्यास केला. कंपन्यांचे वार्षिक अहवाल पोस्टानं मागवले. इंग्रजी अडलं की शब्दांखाली रेघ मारायची आणि शेजारच्या शाळेतल्या बाईंकडे जायची. एका वहीत बारा पानं, प्रत्येक कंपनीला एक. सगळे शेअर दोघींच्या नावावर करून घेतले, बँकेचं खातं दोघींचं. आणि पिकोच्या पैशांतून तिनं स्वतःचा पहिला शेअर घेतला. एकच! त्याचा लाभांश आला नऊ रुपये. बाईनं नऊ रुपयांची भजी आणून तोडकरांना खायला घातली.

वर्षं गेली. तोडकर गेले. आणि मग तो साथीचा काळ आला. आठवतोय ना? देवळंसुद्धा बंद! बाजार असा कोसळला की महिन्याभरात तिसरा हिस्सा गायब. कालिंदीताई आता सत्तरीच्या उंबऱ्यावर. सकाळी मोबाइल उघडला, आकडा बघितला. पुन्हा तीच भीती — सगळं जाणार, मंदा रस्त्यावर येणार. त्यांनी साताऱ्याच्या दलालाला फोन लावला. "सगळं विका! आजच्या आज! जो भाव येईल तो—"

मंदा दारात उभी होती. तिनं बहिणीच्या ओठांवर एकच शब्द वाचला. विका. ती आली, बहिणीच्या कानाचा फोन काढून घेतला आणि बंद केला!

बत्तीस वर्षं दुसऱ्यांचे फोन जोडणाऱ्या बाईचा फोन कापला! कालिंदीताई संतापल्या. "अगं, बुडतोय आपण!"

मंदानं वही आणली. बारा पानं समोर पसरली. मग लिहिलं — "भाव पडलाय. लोकांनी अंघोळ बंद केली का? साबण खपतोय. औषध खपतंय. वीज जळतेय." एकेका पानावर बोट ठेवत गेली. तीन पानं बाजूला काढली. "या तिघी आजारी आहेत. या वर्षी वाटा कापतील. नऊजणी कामावर आहेत. बँकेत दोन वर्षांचं खाणं आहे. विकायचं कशाला?"

आणि तिघींनी खरंच वाटा कापला. उत्पन्न घटलं, चतुर्थांशानं घटलं. मंदानं चार महिने दूध निम्मं केलं, पण शेअर विकले नाहीत. पुढच्या दोन वर्षांत दोघी सावरल्या. तिसरी सावरेना. कर्ज वाढत चाललेलं. तेव्हा मंदानं तिचं पान वहीतून फाडलं आणि ती कंपनी तोट्यात विकून टाकली. कालिंदीताई म्हणाल्या, "तूच म्हणालीस ना, विकायचं नाही?" मंदानं लिहिलं, "माणसं बघून नाती ठेवायची. शपथ घेऊन नाही."

धरून ठेवणं म्हणजे धीर, असं आपण समजतो. नव्हे! रोज बघून, कळून, मग धरून ठेवणं म्हणजे धीर. न बघता धरून ठेवणं — तो निव्वळ आळस!

आता आख्यान शेवटाकडे आलं. त्यानंतर दोन वर्षांनी कालिंदीताईंच्या छातीत कळ आली. साताऱ्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रिया करावी लागेल. झाली तर वर्ष, दोन वर्षं मिळतील. खर्च साडेतीन लाखांच्या घरात. बँकेतल्या ठेवीला हात लावला तर रोजचं खाणं तुटतं.

कालिंदीताई खाटेवरून म्हणाल्या, "नको. औषधावर जेवढी राहीन तेवढी राहीन. शेअर मोडायचे नाहीत. ते तुझे आहेत. मी तुझ्यासाठी ठेवलेत."

दवाखान्याच्या त्या खोलीत पाटी नव्हती. मंदानं बहिणीचा हात हातात घेतला आणि सावकाश, तोंडानं बोलली —

"माझे आहेत?"

"तुझेच."

"मग मी ठरवणार."

कालिंदीताई रागावल्या, रडल्या, तोंड फिरवून पडल्या. तोंड फिरवलं की मंदाशी भांडण संपतं, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. पण मंदा खाटेला वळसा घालून पलीकडच्या बाजूला जाऊन उभी राहिली! म्हणाली, "फळ खायचं, झाड राखायचं. खरंय. पण घरात माणूस गारठला, तर एखादं झाड तोडायचं. कुठलं तोडायचं, ते मला कळतं."

दोन कंपन्या विकल्या. कुठल्या दोन? भाव भरपूर चढलेल्या, पण वाटा वाढवायच्या थांबलेल्या. पैसे भरले. शस्त्रक्रिया झाली.

चौदा महिने मिळाले, मंडळी. चौदाच. पण त्या चौदा महिन्यांत कालिंदीताई रोज संध्याकाळी घाटावर जाऊन बसत, कृष्णेचं पाणी बघत. आणि घरात? वही मंदाच्या हातात, खर्च मंदाच्या हातात, दलालाला संदेश मंदाचा. कालिंदीताईंना कुणीतरी विचारलं, "आता काळजी वाटत नाही वाटतं मंदाची?" त्या म्हणाल्या, "वाटते ना. ती मला रोज पथ्याचं खायला घालते, ही एकच काळजी आहे!"

एका पहाटे त्या झोपेतच गेल्या.

तेराव्याला प्रफुल्ल आला. इतक्या वर्षांनी. केस पिकलेले. खाली मान घालून बसला. पंगत उठल्यावर मंदासमोर येऊन, ओठ नीट दिसतील असं तोंड करून म्हणाला, "धाकटी आत्या, मी मोठ्या आत्याचं फार नुकसान केलं. मला भरून काढू दे. घर बंद कर, पुण्याला चल. तुझे शेअर, बँक, सगळं मी बघतो. तुला काही बघावं लागणार नाही."

मनापासून बोलत होता, बरं का! यात लबाडी नव्हती.

मंदाताईंनी — हो, इथून पुढं मी त्यांना मंदाताई म्हणणार — त्याच्या गालावरून हात फिरवला. त्यांना राग नव्हता. आणि बोलल्या, अशा आवाजात की अंगणातल्या परक्या बायकांनाही समजलं —

"ये. दर महिन्याला जेवायला ये. सांभाळायला येऊ नकोस."

तेव्हा सत्तर वर्षांचं म्हणता येईल असं त्यांचं वय झालं होतं, थोडं इकडं-तिकडं. नऊ कंपन्यांचा वाटा, उरलेल्या ठेवीचं व्याज आणि पिको. श्रीमंत नाहीत. पण महिना निघतो, आणि कुणाच्या दाराकडे डोळे लावावे लागत नाहीत. लाभांशावरचा कराचा फॉर्मसुद्धा त्या स्वतः भरतात. मी स्वतः भरत नाही, माझा मेव्हणा भरतो!

तर मंडळी, काय ठेवलं कालिंदीताईंनी मागं? पैसा? अहो, पैसा तर त्यांनी अडीच लाखांवर घालवला! उरलेला काही टिकला असता, काही बुडाला असता. ठेवलं ते हे — की मंदाला कळतं. कधी धरायचं कळतं, कधी सोडायचं कळतं, कधी मोडून माणसावर खर्च करायचं कळतं. आणि हेसुद्धा त्यांनी आपणहून दिलं नव्हतं. मंदानं हनुवटी धरून मागून घेतलं, तेव्हा दिलं!

आता तुमच्याकडे वळतो. मला शेअर कुठले घेऊ, विचारू नका. मी कीर्तनकार आहे, आणि माझ्या पाटल्यांची गोष्ट तुम्ही ऐकलीत. दुसरंच विचारतो. काका, तुम्ही — हो, उपरणंवाले. तुमचे कागद कुठं आहेत हे काकूंना माहीत आहे? मान हलवताय. काकू इकडे बसल्यात, त्यांची मान हलत नाही! दादा, तुम्ही मुलीच्या नावानं पैसे टाकता. मुलीला कधी शेजारी बसवून दाखवलंत, कशात टाकले, का टाकले? की "तिला काय कळणार"?

ज्याच्यासाठी झिजताय ना, त्याला जवळ बसवा. चुकलात तेही सांगा. लाज वाटेल, वाटू द्या. तुमची माया त्याच्या हाताला काम देईल अशी असू द्या. नुसती त्याच्या डोक्यावर पांघरूण होऊन बसली, तर आत त्याचा जीव घुसमटतो.

गणपुले, आता सूर द्या. मंडळी, टाळ्या धरा, नाव घेऊ या सगळ्यांच्या कैवाऱ्याचं. आणि आरती झाली की प्रसाद घेऊन गप्पा मारत रेंगाळू नका. थेट घरी जा. घरी कुणीतरी आहे, ज्याला तुम्ही अजून काहीच सांगितलेलं नाही.